एल्डरांना समज देण्याचं काम

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

म्हापशाच्या बाजारात आज दोन मुलगे भेटले. माझी नारळांची पिशवी उचलून बस स्टँडपर्यंत आणून दिली. मी मदत मागितली नव्हती. भर उन्हात पांढरा शर्ट, टाय, काळी पँट, छातीवर काळी पाटी. मला आधी बँकेतले वाटले. एकाच्या पाटीवर एल्डर राव, दुसऱ्याच्या एल्डर डॅनियल. इंग्रजी अक्षरं मला येतात, ट्रकांच्या पाट्या वाचून शिकले. दोघांचं नाव एकच कसं, म्हणून विचारलं. राव म्हणाला, ते नाव नाही आंटी, एल्डर म्हणजे वडीलधारा. वय विचारलं तर वीस. मिशी नीट फुटलेली नाही आणि वडीलधारा.

हे मॉर्मन. ख्रिस्तीच, पण आपल्या गोव्यातल्या ख्रिस्तावांपेक्षा वेगळे. राव राजमुंद्रीचा, डॅनियल कोइमतूरचा. दोन वर्षं घर सोडून धर्माचं काम करतात. हे सगळं हिंदीत. माझं हिंदी टीव्हीवरचं, त्यांचं त्याहून वाईट, म्हणून जमलं.

धर्माचं त्यांनी आपणहून काही काढलं नाही. मीच विचारलं, तुम्ही सांगता तरी काय. राव म्हणाला, आमच्यात नवरा-बायकोची गाठ देवाच्या घरी बांधतात, ती मरणानेही सुटत नाही. पुढे परत भेटतात.

मी तिथेच, स्टँडवर, सुनावलं. म्हटलं मेल्यावर नाती उरत नाहीत. कोण कुणाचा नवरा आणि कोण कुणाची बायको. आत्मा पुढे जातो, मागे वळून बघत नाही. माझ्याकडे वाचनाचा आधार आहे. शाळा चौथीपर्यंत, पण पेडण्याच्या लायब्ररीतली धर्माची अख्खी रांग वाचून झाली आहे.

डॅनियल म्हणाला, आम्हाला तसं वाटत नाही, आंटी.

इतकी चांगली मुलं आणि इतकी मोठी चूक. कोणीतरी समज द्यायला हवी. आमच्या ह्यांच्या वर्षश्राद्धाच्या आत दोघा मुलांना मार्गावर आणायचं. ठरलं.

४ जानेवारी

प्लॅन. दर शुक्रवारी बाजार. आधी मुद्दे, मग उदाहरणं. भावनेत जायचं नाही. दत्तप्रसादला सांगायचं नाही. मुलगा गुणी आहे पण लगेच घाबरतो.

१० जानेवारी, शुक्रवार

केळीवाल्यांच्या ओळीत गाठलं. आधी चहा सांगितला, कारण रिकाम्या पोटी उपदेश पचत नाही. दोघे म्हणाले, चहा चालत नाही. कॉफी? तीही नाही. धर्मात मनाई. आता चहा न पिणाऱ्या माणसाला पटवायचं कसं? आमच्याकडे भांडण मिटतं ते चहावर, लग्न जुळतं ते चहावर. शेवटी कोकम सरबत आणि उंडे-भाजी. ते चाललं. डॅनियलने दोन उंडे पाव खाल्ले. घरची मंडळी लांब, खाणार बिचारा.

मग मुद्दा मांडला. नाती उरत नाहीत. डॅनियल म्हणाला, आम्हाला तसं वाटत नाही. मी विचारलं कशावरून. त्याने त्यांच्या पुस्तकातलं सांगितलं. मी पूर्ण ऐकून घेतलं. समोरच्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, नाहीतर खोडणार काय.

मध्येच त्याने विचारलं, अंकलचं नाव काय होतं.

सांगितलं. कृष्णनाथ. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, मग हॉस्पिटलच्या खिडकीवर फॉर्म भरताना. मुद्दाम असं, नुसतं कोणाला सांगण्यासाठी, पहिल्यांदाच. मेले तेव्हापासून लोक विचारतात काय झालं होतं, किती वाजता, कोणत्या हॉस्पिटलात. नाव कोणी विचारत नाही, ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

आजची प्रगती चांगली.

१२ जानेवारी, रविवार

दत्तप्रसादचा पर्वरीहून फोन. आई, एकटी राहू नकोस, इथे ये. सून सुविधा पण म्हणते. डॉक्टर म्हणाले आहेत मन गुंतवून ठेवायचं, सारखा बाबांचा विषय काढायचा नाही. मी म्हटलं मन गुंतलेलं आहे, काम सुरू केलं आहे. कसलं काम? समाजाचं. तो म्हणाला बरं बरं, पण गुडघे सांभाळ.

१३ जानेवारी

आज धालो सुरू. मांडावर बायका नाचा-गाण्याला जमल्या, आवाज इथपर्यंत येतो. शेजारची वत्सलाबाय संध्याकाळी येऊन सांगून गेली, तू येऊ नको असं कोणी म्हणत नाही हां प्रभा, पण यंदा वर्ष झालेलं नाही ना. मी म्हटलं मला कुठे वेळ आहे. खरंच नव्हता. मुद्दे काढायचे होते.

गाणी मात्र चुकीच्या चालीत म्हणतात ह्या.

१७ जानेवारी, शुक्रवार

आले नाहीत. बाजार उठेपर्यंत थांबले. घरी जायच्या इब्रामपूरच्या दोन बस सोडल्या. केळीवाली म्हणाली, मावशी, बसा तरी खाली. मी म्हटलं मी कोणाची वाट बघत नाही, जागेचा अभ्यास करते आहे.

याचा अर्थ त्यांनी माघार घेतली. पहिला विजय. जेवण गेलं नाही. उन्हाने असेल.

२४ जानेवारी, शुक्रवार

आले! पणजीला मीटिंग होती म्हणे. मी झापलं. धर्माचं काम आणि असा बेभरवसा? रावने कान धरले.

आज सर्वसाधारण स्वरूपाचे काही प्रश्न विचारले. एक, नवरा तापट असला तरी गाठ सुटत नाही का? राव हसला, म्हणाला देव दोघांनाही सुधारतो. दोन, तिकडे माशाचं हुमण आणि भात असतो का? हे त्यांना माहीत नव्हतं. मोठीच उणीव. तीन, माणूस इथे झोपेत बोलायचा तर तिकडे पण बोलतो का?

याचं उदाहरण द्यावं लागलं. हे डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे, पण त्याआधी कित्येक वर्षं क्लीनर. ट्रक मागे घेताना क्लीनर पाठीमागे उभा राहून ओरडतो तसं हे झोपेत ओरडायचे. येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस्स! आणि बस्स म्हणताना गादीवर थाप. मी दचकून उठायची. खाण बंद पडली तरी थाप बंद पडली नाही. डॅनियल हसून हसून खोकायला लागला. पाणी पाजलं. मग मीही हसले. बाजारात लोक बघत होते.

राव म्हणाला, असेल आंटी, तिकडे पण तसंच बोलत असतील. मी लगेच म्हटलं, मेल्यावर काही उरत नाही. तो म्हणाला, आम्हाला तसं वाटत नाही.

हट्टी आहेत. बरेच शुक्रवार लागतील. त्याला माझी तयारी आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार

रावची आई आजारी. आठवड्यातून एकदाच फोन करतो घरी. आज मुद्दे बाजूला ठेवले. पोह्यांचे लाडू दिले. जाताना म्हणाला फोन नंबर घ्या. मी म्हटलं मला तुमचा नंबर काय करायचा, मी शुक्रवारी असतेच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नवीन योजना. बाजारात आवाज फार, मुद्दा पोचत नाही. दोघांना घरी बोलवायचं. घरी पुस्तकं आहेत, आधार काढून दाखवता येतील. शिवाय ह्यांचा फोटो आहे. फोटोचा मुद्द्याशी संबंध नाही.

तर दोघे एकमेकांकडे बघायला लागले. राव म्हणाला, आंटी, एकटी बाई असेल त्या घरात आम्ही जात नाही. मला वाटलं मी विधवा म्हणून. म्हटलं तुमच्यात पण आहे का हे? तो म्हणाला नाही नाही, नियम आहे, कोणतीही बाई असो. घरात अजून एक पुरुष माणूस बसलेला पाहिजे.

मी म्हटलं, अरे, घरात पुरुष माणूस असता तर मी कशाला आले असते बाजारात.

हे बोलायचं नव्हतं. भावनेत जायचं नाही असा नियम आहे. पण नियम त्यांचे असतात तसे माझेही असतात, कधीतरी मोडणार. असो. एका माणसाचा सपोर्ट पाहिजे. तासभर खुर्चीवर बसेल असा. अख्ख्या गावात एक मिळणार नाही?

९ फेब्रुवारी, रविवार

पाठबळ मिळवण्याची मोहीम.

वत्सलाबायचा शांताराम. दिवसभर व्हरांड्यात बसूनच असतो. म्हटलं तेच माझ्या घरी येऊन बसा. तो म्हणाला गुडघा. मी म्हटलं बसायला गुडघा लागत नाही. वत्सलाबाय आतून ओरडली, प्रभा, आधी एक सांग, ते भुरगे तुका बाटयतत काय तू तेंका बाटयतस? मी म्हटलं मी त्यांना समज देते. ती म्हणाली, मगे दर शुक्रारी नवी साडी कित्याक?

साडी जुनी आहे. इस्त्री नवी आहे.

दत्तप्रसादला फोन. एक रविवार येऊन घरात बस. का? दोघं यायचे आहेत. कोण? सांगितलं. पाच मिनिटं तो बोलला, मी ऐकलं. शेवटी, आई, लोक काय म्हणतील, बाबांना जाऊन वर्ष नाही झालं.

सगुणभाऊ देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. त्यांना म्हटलं तुम्ही तर धर्माची माणसं, तासभर बसा. ते म्हणाले, वहिनी, इलेक्शन तोंडावर आणि मी ख्रिस्तावांच्या पोरांबरोबर तुमच्या घरात लाडू खात बसू? तुम्ही देवाला विचारा. देव सांगेल तसं करू.

बोलण्यात तथ्य आहे. माणसांना विचारून झालं, आता वर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पालखीच्या आधी देवळात कौल-प्रसाद घ्यायला गेले. देवाकडे गाऱ्हाणं घालणारा घाडी म्हणाला, गाऱ्हाणं काय घालू. मी त्याला बाजूला घेऊन नीट समजावलं. म्हापशात दोन मुलं आहेत, दुसऱ्या धर्माची, पण चांगली आहेत. त्यांना समज द्यायची आहे. मला एक माणूस पाठबळाला हवा. एवढंच. घाडी म्हणाला, कळला.

मग त्याने हात जोडून जोरात सुरू केलं. बा देवा म्हाराजा! सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा! आज ही तुझी लेक प्रभावती तुझ्या पायाकडे इली हा रे म्हाराजा. व्हय म्हाराजा! म्हापशाच्या बाजारात दोन परधर्मी आमच्या गरीब बायामाणसांका भुलवतत, तेंचो बंदोबस्त कर रे म्हाराजा. व्हय म्हाराजा! तेंका गावाच्या शीमेभायर घाल, आणि ह्या कामाक तुझ्या लेकरांचा बळ दी रे म्हाराजा.

व्हय म्हाराजा.

मीही म्हटलं. गाऱ्हाण्यात व्हय म्हाराजा म्हणायचंच असतं. लहानपणापासून तोंडात बसलेलं आहे, शब्द ऐकून कोण म्हणतं. पहिल्या दोन वाक्यांना म्हटल्यावर तिसऱ्याला तोंड आपोआप उघडतं.

देवाला लावलेल्या पाकळ्यांतली उजवी पाकळी पडली. लगेच. देवाने कौल दिला. सगुणभाऊंनी सगळ्यांसमोर मला नमस्कार केला.

घाडीने शब्द थोडे इकडचे तिकडे केले. पण देव काय शब्दांवर जातो? मी मनात काय म्हटलं ते त्याला माहीत आहे. पाकळी माझ्या मनातल्या गाऱ्हाण्याला पडली.

२० फेब्रुवारी

सगुणभाऊंचा निरोप. उद्या आम्ही येतो तुमच्याबरोबर म्हापशाला, जीप काढतो. बघा! एक मागितला, अख्खी जीप मिळाली. बहुतेक आधी ओळख करून घेतील, मग रविवारी घरी बसायला येतील. रीतच आहे तशी. उंडे आज आणून ठेवले, भाजी सकाळी करीन.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जीपमध्ये पुढे बसवलं मला. मागे सगुणभाऊ आणि पाचसहा जण, गावातलेच, काही पेडण्याचे. वाटेत मी सगळ्यांना मुद्दे सांगितले. कोणी लिहून घेतलं नाही, पण ऐकत होते.

केळीवाल्यांच्या ओळीपाशी सगुणभाऊंनी विचारलं, वहिनी, कुठले. मी हात केला. म्हटलं ते बघा, पांढऱ्या शर्टातले. दोघांनीही मला बघून हात वर केला. डॅनियल हसला.

चर्चा नीट झाली नाही. आवाज फार होता. मी म्हटलं एकेकाने बोला. मोबाईलवर शूटिंग करत होते सगळे. कोणीतरी रावची पाटी ओढली, तिच्याबरोबर खिसा फाटला. बोल, किती जणांना बाटवलंस, असं विचारत होते. तो हिंदीत म्हणाला, आम्ही कोणाकडे गेलो नाही, आंटीच आमच्याकडे येतात. सगुणभाऊ ओरडले, आंटी नाही म्हणायचं! मी मध्ये जाऊन सांगत होते की मुद्दा वेगळा आहे, मुद्दा मेल्यानंतरचा आहे. माझ्या खांद्याला धरून कोणीतरी बाजूला केलं. वहिनी, तुम्ही गाडीत बसा, आता आम्ही बघतो.

रावने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पिशवी जड आहे का, असं विचारताना बघायचा तसं.

उंडे कोणाला देता आले नाहीत. परत आणले.

२२ फेब्रुवारी

काल जरा गोंधळ झाला. पुरुष माणसांना उपदेशाची सवय नसते. पुढच्या शुक्रवारी एकटी जाऊन दोघांना नीट समजावून सांगीन. म्हणेन, गाऱ्हाण्याची पद्धत अशी असते. तुमच्यात प्रार्थना हळू करतात, आमच्यात मोठ्याने, दुसरा करतो, त्यामुळे कधी कधी असं होतं. समजूतदार आहेत. खिसा मी शिवून देईन. पांढरा दोरा आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आले नाहीत. पणजीला मीटिंग असेल.

केळीवाली म्हणाली, मावशी, मीटिंग कसली. मंगळवारी बॅगा घेऊन स्टँडवर होते दोघे, गोवा सोडून पाठवलं त्यांना. कुठे, ते तिला माहीत नाही. मी विचारलं माझ्यासाठी काही निरोप. ती म्हणाली नाही. मग जरा वेळाने म्हणाली, एवढं विचारलं त्यांनी, की तुम्हाला त्या लोकांनी काही केलं नाही ना.

फोन नंबर नाही. कोणाला विचारावं तर नाव काय सांगू? राव हे आडनाव. राजमुंद्रीत किती राव असतील. डॅनियल आडनाव का नाव तेही माहीत नाही. त्यांनी ह्यांचं नाव विचारलं, लक्षात ठेवलं. मी त्यांचं कधी विचारलं नाही. मी बोलण्यात होते.

तरीसुद्धा, ठरल्याप्रमाणे वर्षश्राद्धाच्या आत काम झालं असं म्हणता येईल.

४ मार्च, मंगळवार

वर्षश्राद्ध झालं. दत्तप्रसादने व्यवस्थित केलं. भटजींना मी जेवणानंतर विचारलं, आता हे कुठे. ते म्हणाले, आता वर्ष सरलं, पितरांत मिसळले, बाप-आजोबांच्या पंक्तीत जाऊन बसले. मी विचारलं, म्हणजे आता माझे कोण. भटजी सुपारी कातरत होते. म्हणाले, वैनी, आता ते घराण्याचे.

बरोबरच आहे. मी तेच तर सांगत होते सगळ्यांना.

सुविधाने भांडी घासू दिली नाहीत. दुपारभर बसून होते.

७ मार्च, शुक्रवार

बाजाराला गेले नाही. घरात सगळं आहे.

९ मार्च, रविवार

देवळाचा वर्धापनदिन. माझा सत्कार.

सगुणभाऊंनी पत्रिकेतच छापलं होतं. दत्तप्रसाद आणि सुविधा गाडी घेऊन आली. वत्सलाबायने हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं, म्हणाली, पुढच्या वर्षी धालोक तूच पयली हां. शांताराम सुद्धा आला, गुडघ्यासकट. खुर्चीवर दोन तास बसला.

सगुणभाऊ माईकवर खूप बोलले. एका एकट्या बाईने, चौथी शिकलेल्या, दोन परधर्मीयांना पळवून लावलं. देवाने कौल दिला. म्हापशाचा व्हिडिओ किती लोकांनी बघितला. आणि मतदान कधी आहे तेही सांगितलं. मग शाल आणि श्रीफळ. फोटो. दत्तप्रसादचे डोळे भरले. मला वाटलं बाबांच्या आठवणीने. तो म्हणाला, आई, मी तुला उगाच बोललो, मला अभिमान वाटतो तुझा.

सगुणभाऊ कानाशी म्हणाले, दोन शब्द बोला वहिनी, थोडक्यात, पान मांडलेलं आहे.

मी तयारी केली नव्हती. पण मुद्दे पाठच होते. माईक हातात घेऊन म्हटलं, मेल्यावर नाती उरत नाहीत.

टाळ्या.

मी थांबले. मग म्हटलं, कोण कुणाचा नवरा आणि कोण कुणाची बायको. आत्मा मागे वळून बघत नाही.

परत टाळ्या, आधीपेक्षा जोरात. घाडी मान हलवत होता. भटजी पण. वत्सलाबाय टाळ्या वाजवत होती. दत्तप्रसाद मोबाईल वर धरून शूटिंग करत होता. मी पुढे काही बोलले नाही. नुसती उभी राहिले, एकेक रांग बघत. पहिली रांग, दुसरी, मग बायका, मग मागे खांबापाशी उभी असलेली मुलं, पार चपलांच्या ढिगापर्यंत. एवढे लोक होते. आम्हाला तसं वाटत नाही, असं कोणी म्हणालं नाही.

सगुणभाऊंनी माझ्या हातातून माईक काढून घेतला आणि म्हणाले, चला, जेवायला बसा.